आत्याबाईच्या पोटातला साबुदाणा

दादाराव मिस्त्री चाळीस वर्षांत एकदाच खोटं बोलले, तेही तोंड न उघडता. आणि मी माझ्या उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीसाठी तोंड बंद ठेवलं, ती गोष्ट त्यांचीच होती. परवा ते स्वतःच दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाले, "वहिनी, आता सांगा कोणाले सांगायचं ते." असं आमंत्रण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. म्हणून लिहूनच काढते.

पांढुर्ण्याला रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे आणि त्याला लागून माझं पिको-फॉलचं दुकान. मध्ये एकच भिंत. भिंतीला वरच्या अंगाला झरोका आहे, तो मी आजपर्यंत कोणाला बुजवू दिला नाही. हवा येते, असं सांगते. हवेसोबत बाकीचंही येतं.

दादाराव पासष्टीचे. उंच, वाळके, कानावर पेन्सिल. गाडी आली की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. गिऱ्हाईक श्वास रोखून बघत राहतं. मग एक शब्द येतो. "व्हॉल्व्ह." किंवा "बेअरिंग." बस. त्यावर वाद घातलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, मी एकदा विचारलं होतं, "घरीही असेच काय जी?" सुशीलाबाई शाळेत मास्तरीण होत्या, उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. म्हणाल्या, "घरी तर एवढंही नाही. स्क्रू-ड्रायव्हर मी त्यांच्या छातीले लावून पाहिला असता, पण मले ऐकून कळत नाही ना."

असा हा माणूस दर दुसऱ्या रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सकाळच्या बसनं सौंसरला जायचा. मजुरी घ्यायचा नाही. संध्याकाळी परत यायचा तो उतरलेल्या चेहऱ्यानं. कुठे जातो, तर आत्याबाईकडे.

आत्याबाई म्हणजे मोटार. नाव मीच ठेवलेलं. अंगणात आली की अर्धं अंगण व्यापते, खायला भरपूर लागतं, कामाला हाक मारली तर धापा टाकते, आणि तिच्याशिवाय घरातलं एक शुभकार्य पुढे सरकत नाही. आमच्या सासरकडे अशा एक आत्याबाई आहेत. (त्या हे वाचणार नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि डॉक्टरकडे न्यायला कोणी धजत नाही.)

गाडी अमेरिकेची, १९७६ सालची. लांबी अशी की आमच्या गल्लीत तिचं तोंड वळेपर्यंत शेपूट फाटकापाशीच राहते. बॉनेटवर एका लग्नाचे पापड वाळावेत. आठ सिलिंडरचं इंजिन. चालवणारा डाव्या बाजूला बसतो आणि क्लच नाहीच. सौंसरला पहिले सहा महिने लोक समजायचे, वाटेत कुठेतरी पडला. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कंपनीचा काही दोष नाही, हे शेवटी कळेलच.

ती सौंसरला आणली रामाजी काकांनी. संत्र्याचे मोठे बागाईतदार. त्र्याऐंशी साली बहार असा लागला की झाडांना टेकू द्यावे लागले. त्या खुशीत काका दिल्लीला गेले आणि परदेशी वकिलातीतल्या कोणा साहेबाची मागे राहिलेली गाडी सरकारी लिलावात घेऊन आले. नागपूरच्या एका ओळखीच्यानं त्यांना सांगितलं होतं की हिच्यात तीनशे घोडे आहेत, त्यानं पुस्तकात वाचलं आहे. काकांनी ते सौंसरभर सांगितलं. सौंसर ते जामसांवली सपाट रस्ता, शनिवारी मारुतीला जायचं आणि यायचं. सपाट रस्त्यावर तीनशे घोडे कोण मोजतो? दोन वर्षं काकांची मान ताठ होती.

मग पंच्याऐंशी साल आलं आणि ते साबुदाण्याचं झालं. पण हे मला कळलं कसं, ते आधी सांगते, कारण त्यात थोडी बदनामी माझीही आहे.

अकरा वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. घरातला साबुदाणा संपलेला, आणि किराणा दुकानात जायचा मला कंटाळा. सुशीलाबाईंकडे गेले. त्या बाहेर गेल्या होत्या, दार उघडं होतं, आणि शेजाऱ्याकडे फळीवरचा डबा काढायला विचारायची रीत आमच्याकडे नाही. वरच्या फळीवर तुपाचा जुना पत्र्याचा डबा. झाकण उघडलं, तर आत साबुदाणा. जरा मळकट होता, पण असतो एखादा. दोन वाट्या घेतल्या, रात्री भिजत घातला आणि झोपले. सकाळी पाहते, तर दाणा जसाच्या तसा. फुगला नाही, मऊ झाला नाही. हलवला तर खुळखुळला. पाणी मात्र राखेसारखं. आमचे हे म्हणाले, "अजून ठेव, पुढच्या शिवरात्रीले होऊन जाईन."

मी वाटी घेऊन तडक गॅरेजात.

"भाऊजी, हा कोणत्या गावचा साबुदाणा आहे जी?"

दादारावांनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला पाना खाली पडला. "वहिनी," ते म्हणाले, "डबा कोठून घेतला तुमी?"

त्या दिवशी ते इतकं बोलले की मला स्टूल ओढून बसावं लागलं.

पंच्याऐंशी साली ते पंचविशीचे होते, नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलेलं. रामाजी काका गाडी घेऊन आले, म्हणाले, तेल बदल. दादाराव खाली शिरले. पाहतात तर सायलेन्सरच्या अलीकडे एक चपटा डबा, परातीएवढा, आणि त्याला खाली बूच. असा डबा त्यांनी कधी पाहिला नव्हता. वाटलं, यातही तेल असेल, सोडून द्यावं. बूच फिरवलं, आणि तेलाऐवजी बदाबद दाणे. छातीवर, तोंडावर, जमिनीवर. किलो-दोन किलो. ते नरसाळं लावून भरू लागले, तर दाणे वर चढेनात. खालून वर साबुदाणा भरून पाहा एकदा. बाहेर काका खुर्चीवर बसलेले. "झालं का रे पोरा?" दादारावांनी बूच लावलं, दाणे झाडून पिशवीत भरले आणि बाहेर येऊन फक्त मान हलवली. हेच ते खोटं.

आठवड्यानं काका सगळं कुटुंब गाडीत घालून छिंदवाड्याला निघाले. पोरीचं, जयवंताचं लग्न पक्कं करायचं होतं. रामाकोना सोडलं, सिल्लेवानीचा घाट लागला. सौंसरला आल्यापासून गाडी पहिल्यांदाच घाट बघत होती. सात माणसं, मिठाईच्या टोपल्या, तीनशे घोडे. अर्ध्या चढावर आत्याबाईनं धाप टाकायला सुरुवात केली. एसटी पुढे गेली. मग कापसाचा ट्रक पुढे गेला. मग एक मोपेडवाला, मागे बायको आणि मांडीवर पोरगं घेऊन, पुढे गेला, आणि जाताना त्या पोरानं टाटा केला. छिंदवाड्याला पोचले तेव्हा पाहुणे जेवून, पान खाऊन, झोपायला गेले होते. मुलाच्या मामानं गाडीभोवती एक चक्कर मारून म्हटलं, "दिसायले एवढी, अन् चालायले अशी. घरचंही असंच असेल काय?" लग्न फिसकटलं.

"मी घोडे सांडवले, वहिनी," दादाराव म्हणाले. "त्या दाण्यात तिचा दम होता. इंजिनाले मागून थोडा दाब लागते, उलटा दाब. बासरीचे सगळे भोकं उघडे ठेवले तर सूर निघते काय? मी मागचं सगळं मोकळं करून टाकलं. अन् त्या पोरीचं लग्न मोडलं."

"पण भाऊजी, आताच्या नव्या गाड्यांमध्येही तिथं काहीतरी असतेच ना? जाळी की काय म्हणता तुम्ही. ती काढली तर गाडी थोडी मरते."

"जाळी वेगळी. ती मधाच्या पोळ्यासारखी राहते. दाणे भरलेला डबा मी तेवढाच पाहिला. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही."

"मग काकांना सांगितलं काऊन नाही?"

"आधी भेवलो. मंग लाजलो. मंग लय उशीर झाला."

ते दर दुसऱ्या रविवारी जात ते यासाठी. कार्बोरेटर साफ करत, प्लग बदलत, टायमिंग लावत, आणि तो गेलेला दम परत येईल म्हणून वाट बघत. आणि आम्ही? आम्ही गल्लीभर पसरवलं होतं की दादारावांचं आत्याबाईवर प्रेम आहे. आम्ही म्हणजे मी.

"कोणाले सांगू नका," ते म्हणाले.

"मी काय कोणाले सांगते काय?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खरोखरच अकरा वर्षं सांगितलं नाही. सुशीलाबाईंनासुद्धा नाही. एकदा हळदीकुंकवाला जीभ इतकी वळवळली की मी तिच्यावर तिळगूळ ठेवला.

रामाजी काका वारले. गाडी मुलाकडे आली, पुंडलिकरावांकडे. माणूस गोड, पोट सुटलेलं, गुडघे गेलेले. यंदा दिवाळी झाल्यावर एका सोमवारी ते गॅरेजात आले. मी मशीन बंद केलं. सुई तुटली होती, असं समजा.

"दादाराव, आता नाही जमत बा," पुंडलिकराव म्हणाले. "नागपूरचे एक शौकीन आहेत, जुन्या गाड्या जमवतात. धुतात, पुसतात, घरात ठेवतात. त्यांचा माणूस गुरुवारी येऊन राहिला. खालून-वरून पाहीन अन् घेऊन जाईन. मी सांगतलं त्यांले, तपासायची तर दादारावच्याच गॅरेजात तपासा. ज्याले दादारावचा हात लागला नाही असा एक नट नाही तिच्यात."

झरोक्यातून पाना पडल्याचा आवाज आला. या माणसाचे पाने फक्त याच गाडीसाठी पडतात.

पुंडलिकराव गेल्यावर मी तिकडे धावले. दादाराव टायरवर बसले होते.

"खाली शिरला की त्याले कळीन," ते म्हणाले. "डबा वाजवला की कळते. तो म्हणीन, हे कोणी रिकामं केलं? अन् पुंडलिकभाऊ म्हणतीन, दादारावशिवाय हात कोणाचा लागला नाही."

"एवढंच ना? भरून टाका."

"काय?"

"साबुदाणा. खरा. दोन किलो मी देते. या वेळी फुगणारा."

चाळीस वर्षांच्या दुःखातही त्यांना हसू आलं, पण ते लगेच गेलं. "नाही वहिनी. त्याच्या आधी मीच सांगतो. उद्या जातो सौंसरले."

मंगळवारी गेले. संध्याकाळी आले ते पिशवीभर संत्री घेऊन, पण सांगायचं ते न सांगताच. पुंडलिकरावांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि अंगणात आलेल्या चार जणांसमोर म्हणाले, "असा इमानी माणूस तुमी दाखवून द्या मले. चाळीस वर्षं एक रुपया मजुरी घेतली नाही." त्यानंतर कोणी काय सांगावं! बुधवारी ते जेवले नाहीत. सुशीलाबाई मला म्हणाल्या, "काहीतरी आहे. अन् ते तुमाले माहीत आहे, कारण तुमी तीन दिवसांपासून गप्प आहात." मास्तरीणच त्या.

गुरुवारी दहाच्या सुमारास आत्याबाई फाटकापाशी आली. सौंसरहून येताना संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर तिच्या पुढे निघून आला होता, हे ट्रॅक्टरवाल्यानंच थांबून सगळ्यांना सांगितलं. पुंडलिकराव उतरले. काखेत लाल कापडात बांधलेलं गाडीचं पुस्तक. गाडीसोबत ते दिल्लीहून आलं होतं, दर दसऱ्याला गाडीच्या आधी त्याची पूजा व्हायची. शौकीन साहेबांचा माणूस मोटारसायकलवर आला. तुषार नाव, तिशीचा, बोलण्यात नागपुरी आणि वागण्यात एकदम गरीब. त्यानं दादारावांच्या पाया पडायला वाकून म्हटलं, "काका, आठ सिलिंडर तुम्ही एवढे वर्षं सांभाळले, ऐकून येऊन राहिलो." दादाराव दोन पावलं मागे सरले.

तुषार टॉर्च घेऊन खाली शिरला. वर आम्ही चौघं. सुशीलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या. खालून पत्रा खरवडल्याचा आवाज. मग टक, टक. थोडं थांबून परत टक, टक.

"काका," खालून आवाज आला, "हा डबा रिकामा आहे."

पुंडलिकराव म्हणाले, "कोणता डबा?"

दादाराव मागच्या दारानं घरात गेले. मला वाटलं, गेले आता, जामसांवलीपर्यंत थांबणार नाहीत. पण ते परत आले, आणि हातात तो तुपाचा डबा. त्यांनी तो पुंडलिकरावांच्या पुढ्यात बॉनेटवर ठेवला आणि झाकण उघडलं.

"हा तिचा दम आहे," ते म्हणाले. "पंच्याऐंशी साली माह्या हातून सांडला. मी सांगतलं नाही. त्याच्या आठ दिवसांनी तुमी घाटात अडकले. जयवंताताईचं लग्न माह्यामुळं मोडलं. रामाजी काकांचं लोकांत हसं झालं, ते माह्यामुळं. झालं. सांगतलं."

पुंडलिकरावांनी डब्यात पाहिलं, दादारावांकडे पाहिलं, आणि जवळच्या टायरवर बसले.

"बाबा मरेपर्यंत म्हणायचे," ते हळू बोलले, "का दिल्लीवाल्यानं मले फसवलं. शेवटच्या दुखण्यातही म्हणत होते. अन् तुमाले माहीत होतं?"

दादारावांनी मान हलवली. पंच्याऐंशी सालीही अशीच हलवली असेल. पण या वेळी ते खरं होतं.

 

तेवढ्यात गाडीखालून तुषार सरपटत बाहेर आला, उठला, डब्यात हात घालून चार दाणे तळहातावर घेतले आणि हसू लागला. कुत्सितपणे नाही. पोराला आंब्याच्या दिवसांत आंबा सापडावा तसं.

"काका, हे तुम्ही जपून ठेवले? चाळीस वर्षं? अहो, हे धुराचं औषध आहे! ह्याचा दमाशी काही संबंध नाही."

"काय?" हे आम्ही सगळेच.

"त्या काळात अमेरिकेत धुराचा कायदा आला. मोठमोठ्या इंजिनांना कंपनीनंच आवळून टाकलं. आतला दाब कमी केला, पेट्रोल कमी सोडलं, ठिणगी उशिरा पाडली. आठ सिलिंडर, पण दम अर्धा. वरून धूर गाळायला हा दाण्यांचा डबा. हे दाणे तर शिशाचं पेट्रोल लागलं की मरतात अन् डबा चोंदतो. आपल्याकडे तेव्हा सगळं शिशाचंच होतं. तुम्ही सांडवले म्हणून ती श्वास तरी घेऊन राहिली. नाही तर जामसांवलीलाही गेली नसती."

दादारावांचा चेहरा हलला नाही. "पोरा, तू लहान आहेस. मले बरं वाटावं म्हणून बोलू नको. तीनशे घोडे होते तिच्यात."

"कोण म्हणते?"

"पुस्तकात आहे," पुंडलिकराव म्हणाले.

"कोणत्या पुस्तकात? ह्या?"

लाल कापड सोडलं. चाळीस दसऱ्यांचं हळदकुंकू, पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये झेंडूची एक पाकळी. तुषारनं पट्टीनं पानं सोडवली, बोट फिरवत गेला आणि एका ठिकाणी थांबला. "एकशे पंचेचाळीस."

"काय एकशे पंचेचाळीस?"

"घोडे. कारखान्यातून निघाली तेव्हाच एवढे होते. तीनशेवाली हिच्याच नावाची गाडी होती, पण दहा वर्षं आधीची. अन् तेव्हाचं मोजमापही वेगळं. पाहा, तुम्ही संत्र्याचं वजन पेटीसकट कराल तर किती भरते, अन् पेटी काढून किती भरते? आधी ते पेटीसकट सांगायचे. मग कायदा झाला, नुसते संत्रे सांगा."

हे पुंडलिकरावांना बरोबर कळलं. संत्र्याच्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. "म्हणजे बाबाले कोणी फसवलं नाही," ते म्हणाले. "नागपूरवाल्यानं पेटीसकट सांगतलं."

दादाराव मात्र अजून तसेच. "कागदावर काहीही लिहतीन," ते म्हणाले. "दाणे होते तेव्हा ती घाट चढत असेल तर?"

तुषारनं पुस्तक उलटं धरून झटकलं. त्यातून एक छोटी वही पडली. दिल्लीच्या साहेबाची. पेट्रोल कधी भरलं, किती भरलं, असली इंग्रजीतली टिपणं. सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला आणि वही हातात घेतली. शाळेत इंग्रजी त्याच शिकवायच्या. त्या पानं उलटत गेल्या आणि मग वर्गात वाचतात तशा मोठ्यानं, मराठी करत वाचू लागल्या.

"मे एकोणऐंशी. मसुरीचा रस्ता. आम्ही चौघं आणि सामान. अर्ध्या चढावर बस पुढे गेली. नंतर दुसरी बस. नंतर दुधाच्या बरण्या लावलेली स्कूटर. बायको म्हणाली, मी उतरून चालत येऊ का, आधी पोचेन."



"पुन्हा वाच," दादाराव म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. तारखेसकट.

"एकोणऐंशी?"

"एकोणऐंशी. तुमच्या हाताच्या सहा वर्षं आधी. तेव्हा सगळे दाणे जागेवर होते."

दादारावांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत कानावर ठेवली. मग म्हणाले, "दुधाची स्कूटर म्हणते?" आणि हसले. आधी थोडं, मग असं की त्यांना बॉनेट धरावं लागलं. पुंडलिकराव टायरवरून उठायला गेले, गुडघ्यामुळे उठता येईना, म्हणून बसल्या बसल्याच हसू लागले, त्यांचं पोट हललं, टायर हलला. तुषार बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

"दादाराव," डोळे पुसत पुंडलिकराव म्हणाले, "चूक तुमची नाही, आमची. पुस्तक चाळीस वर्षं माह्याच घरात. हार घातले, नारळ फोडले, उघडलं एकदाही नाही."

"मले दिलं असतं," सुशीलाबाई म्हणाल्या, "तर मी पंच्याऐंशीतच वाचून दाखवलं असतं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमी. डबा माह्याच फळीवर, अन् मले सांगतलं नाही. अन् या स्मिताबाईले सांगतलं!"

"त्यांनी भिजत घातला होता," दादाराव म्हणाले.

आता तेही सांगावं लागलं. पुंडलिकराव दुसऱ्यांदा हसून पडायच्या बेतात आले. तुषारनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. म्हणाला, "काकू, त्या दाण्यांवर प्लॅटिनमचा हात फिरवलेला असतो. तुम्ही प्लॅटिनमची खिचडी लावली होती." मग मी ह्यांना घरी जाऊन सांगितलंच, की तुमच्यासाठी मी काय काय करत होते.

थोड्या वेळानं दादाराव स्वतःहून म्हणाले, "चहा गरम कर ना व." मागून चहा घेताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी तुषार सोमवारी नेणार होता. रविवारी पुंडलिकरावांनी फर्मान काढलं: जायच्या आधी एकदा आत्याबाईला सिल्लेवानी दाखवायचा. चालवायला दादाराव. उजवीकडे पुंडलिकराव. मागे सुशीलाबाई, मी, आणि बोरगावहून खास आलेल्या जयवंताताई, साठीच्या, दोन नातवंडांच्या आजी, तोंडात सुपारी. दादारावांनी गाडीत बसायच्या आधी त्यांच्यासमोर हात जोडले आणि ते मोडलेलं लग्न काढलं. ताईंनी मध्येच थांबवलं. "अजी, त्या पोट्ट्याचे कान पाहिले होते काय तुमी? मी तर घाटात मनातल्या मनात म्हणून राहिले होते, बंद पड बाई, बंद पड. भाऊनं दाण्याचं सांगतलं तर मी तुमचेच उपकार समजले, आता तेही नाही म्हणता?"

रामाकोना गेलं. चढ लागला. आत्याबाईनं आपली जुनी धाप सुरू केली. मागून ट्रक आला, कापसाच्या गाठी लादलेला. पूर्वी म्हणे अशा वेळी पुंडलिकराव मान वळवून झाडं पाहायचे. या वेळी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि राजासारखा हलवला: जा पुढे. ट्रक गेला. मग जीप गेली. मग स्कूटीवर एक पोरगी, ओढणी डोक्याला गुंडाळून, फोनवर बोलत बोलत पुढे गेली. दादाराव उजव्या खिडकीकडे वाकून ओरडले, "जा बाई, सावकाश जा! आमाले काही घाई नाही!" या माणसाचा आवाज एवढा मोठा आहे हे सुशीलाबाईंनाही ठाऊक नव्हतं.

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरून एवढं मोठं बॉनेट उघडलं, पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आम्ही सगळे उतरून उभे राहिलो. जयवंताताईंनीही सुपारी चघळायची थांबवली.

"काय जी?" न राहवून मी विचारलं.

"ठीक आहे," दादाराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे पुढचेही शब्द होते. "पयल्यापासून ठीक होती."